नंबर एकसष्ट

कॅम्पातल्या बंगल्याचा लिलाव झाला तेव्हा
पियानो धारवाडला गेला,
आरसे निपाणीच्या एका तंबाखूवाल्याकडे.
या वहीवर कुणी बोलीच लावली नाही.
रद्दीबरोबर ती भरमूच्या हातात पडली,
आणि भरमू माझा पणजा.

वहीत डावीकडे आई, उजवीकडे बाप,
मधे फुली.
मिसेस थॉर्नबीचं अक्षर एका अंगाला कललेलं,
काठी न लावलेला ग्लॅडिओलसचा दांडा कलतो तसं.

पहाटे, कळी पुरती उमलायच्या आत
बाई चिमट्यानं तीन केसर खुडायच्या,
भरमू वर पिशवी चढवायचा,
वर्तमानपत्राची, कणकेच्या खळीनं चिकटवलेली.
दुसऱ्या दिवशी ब्रश.
मग दोरा, पत्र्याची पट्टी, नंबर.
बी यायचं पातळ, पंख फुटलेलं, शिंकलं तर उडणारं.
ते पेरून फूल बघायला तीन पावसाळे.
"तीन पावसात म्हस दोनदा विते की ओ,"
भरमू म्हणायचा.

आफ्रिकेहून एक पिवळा कंद आला होता,
म्हणे धबधब्याच्या तुषारात वाढलेला,
म्हणून वरची पाकळी कायमची
डोक्यावर ओढून घेतलेली.
"इरलं घेतलंय ह्यानं," भरमू म्हणाला.
त्या साली सव्वा महिना उघाड नव्हती.
हॉलंडचे उमदे कंद वाफ्यातच सडले.
इरलंवाला राहिला.

रंग ठरवायला बाईंकडे विलायती तक्ता होता,
गुळगुळीत, दोनशे चौकोनांचा.
त्यात बसला नाही तो रंग
खुरपं न थांबवता तायव्वा सांगायची,
भरमूची बायको, वडगावच्या विणकराची लेक:
"आमसुली.
त्यो पारवा.
ह्यो शेंदरी न्हवं, शेंदरी जरा धुतलेला."
वहीत ते सगळं इंग्रजी अक्षरांत आहे,
आमसुलीचं स्पेलिंग चार ठिकाणी चार तऱ्हेचं.

आणि मग एकसष्ट.
आई: बाईंचा लाडका पांढरा.
बाप: कोरी जागा.
त्या आठवड्यात बाई तापानं पडून होत्या.
ब्रश कुणी चालवला, कुठल्या फुलावरनं,
बाईंनी विचारलं मोडक्या मराठीत,
साहेबानं दरडावून कन्नडात.
"वाऱ्यानं केलं आसंल," भरमू म्हणाला.
पिशवीतल्या फुलाला कुठला आलाय वारा!

तीन पावसाळ्यांनी तो दांडा उमलला,
खालून वर, एकेक फूल.
बाईंनी तक्ता मिटला.
तायव्वा खुरपं ठेवून उठली,
पदराला हात पुसले,
पहिलं फूल बोटावर धरून उन्हात वळवलं,
सावलीत वळवलं.
"असला धागा आमच्यात कुणी भिजिवलेला न्हाई,"
एवढंच म्हणाली आणि परत वाफ्यात बसली.

प्रदर्शनात चांदीचा कप मिळाला, बाईंच्या नावावर.
नाव ठेवायचं राहून गेलं.
पुढं कंदांना कीड लागली म्हणतात.
रंग कसा होता ते घरात कुणालाच सांगता येत नाही,
ज्यांना आलं असतं त्यांनाच आलं नव्हतं.

पण त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीचं एक अक्षर आहे,
देवनागरी, शिकाऊ हाताचं.
भ म्हणावं तर डोक्यावरची रेघ तुटायला हवी, ती तुटत नाही.
म म्हणावं तर डाव्या खांद्याला ही गाठ कशाला?
भरमूला लिहिता येत नव्हतं.
बाईंकडे एक मुन्शी यायचा, मंगळवारी.
एवढीच माहिती.

मी कणबर्गीला आठ गुंठ्यांत ग्लॅडिओलस लावते,
लग्नाच्या स्टेजसाठी, डझनावर जातो.
आज पहाटे एका पांढऱ्याचे तीन केसर खुडले,
कालच्या पेपरची पिशवी चढवली,
दोरा बांधला.
आता तीन पावसाळे.
म्हस तर आम्ही कधीच विकली.